प्रकाशन-टिपणे: आपोआप तयार झालेली की हाताने लिहिलेली?

सांगलीतील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालयाचे काम चालवणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या ग्रंथपालाला नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या प्रकाशन-टिपणातून (रिलीज नोट्स) मुख्यतः एवढेच हवे असते की, देवघेवीच्या टेबलावर उद्या काय बदलणार आहे.

पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे सॉफ्टवेअर-विकासकांनी कोडमध्ये सुचवलेल्या बदलांच्या, शीर्षकांतून आपोआप अशा टिपणाची यादी बनवण्याची सोय गिटहब या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाने २०२१ मध्ये दिली. तिला श्रम लागत नाहीत आणि योगदान देणाऱ्यांची नावेही आपसूक येतात. परंतु शीर्षके विकासकांनी विकासकांसाठी लिहिलेली असल्यामुळे, शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि डेटाबेसची रचना बदलणारा फेरफार तेथे सारख्याच वजनाने शेजारी बसू शकतात.

हाताने लिहिलेल्या टिपणासाठी 'कीप अ चेंजलॉग' हा संकेत बदलांचे सहा गट सुचवतो: नवे, बदललेले, पुढे काढले जाणारे, काढलेले, दुरुस्त केलेले आणि सुरक्षाविषयक. त्यांपैकी 'पुढे काढले जाणारे' हा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो वापरकर्त्याला तयारीसाठी अवधी देतो, आणि असा इशारा शीर्षकांच्या यादीत सहज हरवतो. या पद्धतीला वेळ लागतो, हे खरे. तरीही वापरकर्ते विकासक नसतील, तर मी निःसंशय हीच निवडेन आणि आपोआप तयार झालेली यादी तिच्याखाली केवळ दुव्याच्या रूपाने ठेवीन.