गोव्यात पहिलं बाळंतपण: खासगी की सरकारी? पाच महिन्यांनंतर लिहितेय

गेल्या महिन्यात मेडिक्लेम कंपनीचं पत्र आलं. इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, जोडलेले नाहीत, म्हणून क्लेम अडकलाय. ते वाचून डोकं इतकं तापलं की सगळं लिहून काढायचंच ठरवलं. मुलगी आता पाच महिन्यांची आहे, रात्री सलग झोपते, म्हणून वेळही मिळतो. महाराष्ट्रातून नोकरीसाठी नुकतेच गोव्यात आलेले, इथे सासर नाही, माहेर नाही, आणि घरात पहिलं बाळ येणार आहे, अशांसाठी हे आहे. दोन्ही दवाखान्यांची नावं लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

आम्ही मिरजेचे. नवरा थिवीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, राहायला म्हापशाजवळ भाड्याचं घर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आमच्याकडे, पण त्याच सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हणून इथेच करायचं ठरलं.

सुरुवातीला खासगीच धरलं होतं, आणि त्यामागे हिशेब होता. नवऱ्याचा पगार २१,००० च्या वर, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे उपचार नाहीत. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात बाळंतपणाला ५०,००० पर्यंत मिळतात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढायला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणजे आमच्यासारख्यांना ते दार बंद. वर जो भेटेल तो सांगायचा की २०१८ पासून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात, बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावतात, सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांनी त्यावर आंदोलन केलं होतं, मग तुम्हा मिरजेवाल्यांना कोण विचारणार? आधारवर मिरजेचा पत्ता घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला भीतीच वाटत होती.

नर्सिंग होम खरोखर चांगलं वाटलं. स्वच्छ, बसायला जागा, डॉक्टर मॅडम मराठीत बोलायच्या, दोन मिनिटं जास्त द्यायच्या. नॉर्मलचं पॅकेज ४५,०००, सिझरचं ८०,०००, औषधं आणि बाळाचे डॉक्टर वेगळे. दर तपासणीची फी, प्रत्येक रक्त तपासणी त्यांच्याच लॅबमध्ये. चौथ्या-पाचव्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी बिनधास्त सांगितलं असतं की खासगीतच जा, थोडे पैसे जातील पण मनाला शांती आहे.

मग घरमालकीण काकींनी एक दिवस हटकलं. “सेंटरांत नांव घातलें मगो?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, डिलिव्हरी कुठेही कर, पण हेल्थ सेंटरात नाव घालून ठेव, गोळ्या तरी फुकट मिळतील. गोळ्यांच्या नावाने मी गेले. खासगीत लोह आणि कॅल्शियमवर महिन्याला जो खर्च होत होता तो वाचेल, एवढाच विचार.

तिथे मला माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं, आणि या सगळ्या लिखाणात मी सर्वात जास्त त्याच्याबद्दल बोलणार आहे. जाड पुठ्ठ्याचं, घडीचं कार्ड. आतल्या रकान्यांत दर तपासणीचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, पोटाची वाढ, बाळाचे ठोके. धोक्याची लक्षणं चित्रांसकट. मागे बाळाचं लसीकरण आणि वाढीचे तक्ते. ते सिस्टर तुमच्या हातात देतात, घरी तुमच्याकडेच राहतं. रांगेत तास जातो, पंखा एकच असतो, हे सगळं खरं. पण दर वेळी सिस्टर कार्ड उघडून मागचं वाचायच्या आणि मगच नवीन लिहायच्या. रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, सगळ्या तपासण्या तिथे पैसे न देता झाल्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी होते, तीही फुकट. मिरजेच्या आधारबद्दल एकाही बाईने भुवई उंचावली नाही. भाडेकरार पाहिला, फोन नंबर घेतला, झालं.

माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी २८ व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन देतात, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असलं तरी आईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत नाहीत. मी ते नर्सिंग होममध्ये घेतलं, बरेच पैसे गेले. पुढच्या खेपेला हेल्थ सेंटरच्या सिस्टरने विचारलं, बाहेर काही घेतलंस का? मी सांगितलं. तिने इंजेक्शनचं नाव आणि तारीख कार्डावर उतरवून घेतली. तिला ते करण्याची काही सक्ती नव्हती. त्या एका ओळीचे उपकार मी विसरणार नाही.

तरीही डिलिव्हरी खासगीतच करायची, असंच अजून ठरलेलं होतं.

३६ व्या आठवड्यात एका संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, चेहरा सुजला. हे कार्डावरच्या चित्रांत होतं, म्हणून वाट न बघता निघालो. नर्सिंग होममध्ये बीपी १५०/१०० निघालं आणि लघवीत प्रोटीन. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी १६०/११०. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही, मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. हा निर्णय योग्यच होता. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. नवऱ्याने फाइल मागितली. काउंटरवरून उत्तर आलं, फाइल हॉस्पिटलची असते, पेशंटला देत नाही, आणि बिल पूर्ण झाल्याशिवाय तर नाहीच. एका रात्रीचं बिल १४,०००. त्याने तिथल्या तिथे भरलं. तरी हातात दिली ती एक चिठ्ठी: आजचं बीपी आणि “पुढील उपचारासाठी पाठवत आहोत”. इतके महिने ज्या नोंदींचे पैसे आम्ही दर खेपेला मोजले, त्यातला एक आकडा त्या चिठ्ठीत नव्हता. १०८ बाहेर उभी, मी स्ट्रेचरवर, आणि नवरा एका झेरॉक्ससाठी हात जोडतोय. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

सरकारी रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. आधी बीपी किती असायचं? कधीपासून चढलं? रक्तगट? अँटी-डी झालं? मला धड बोलता येत नव्हतं. नवऱ्याने पिशवीतून कार्ड काढून दिलं. तिसऱ्या महिन्यात १०४/६६, पाचव्यात ११०/७०, नंतर एका ९ तारखेला १२८/८४. रक्तगट समोर, अँटी-डीची तारीख समोर. तिने रकान्यावरून बोट फिरवत शेजारच्या डॉक्टरला दाखवलं, “बेसलाइन एवढं कमी होतं हिचं.” पुढे सगळं भराभर झालं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन, बीपीच्या गोळ्या, रक्त तपासणी, आणि मग कळा आणायचं ठरलं.

मला वाटत होतं आता सिझरच. पण त्यांनी बीपीवर लक्ष ठेवून वाट पाहिली, आणि नॉर्मल झाली. सिझर गरजेचं असेल तर जीव वाचवतं, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत, सरकारीत १४.३ टक्के. पॅकेजचा कागद पुढे आला की हे दोन आकडे आठवा आणि “माझं सिझर का करताय” हे स्पष्ट विचारा. कुठेही असा, विचारा.

मुलगी २.२ किलोची. कावीळ झाली, म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवली. ती पॉझिटिव्ह निघाल्यावर मला पुन्हा अँटी-डी दिलं. यातल्या कशाचेही पैसे घेतले नाहीत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे: सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं विनामूल्य, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही. हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर सहा महिने भीतीत गेले नसते. तरी एक सांगते: हेल्थ सेंटरमधून नाव घातलेलं असू द्या आणि बाहेरच्या राज्याच्या रुग्णांचे नियम आपल्या सेंटरच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

दूध येत नव्हतं तेव्हा एका वयस्क सिस्टरने जे केलं तेही लिहायलाच हवं. मी रडत होते, म्हणत होते डब्याचं दूध द्या. ती कोकणीत काहीतरी पुटपुटली, माझ्या पाठीमागे उशी लावली, बाळाला माझ्या अंगावर धरलं आणि तोंड कसं लावायचं ते दाखवलं. दुपारी पुन्हा आली, संध्याकाळी पुन्हा. शेजारच्या कॉटवरच्या बेळगावच्या बाईलाही तसंच. तीन भाषांचा गोंधळ होता त्या वॉर्डात, कोकणी, कन्नड, मराठी, पण दूध पाजायला कुणाचं अडलं नाही.

आता वाईट. संडास-बाथरूम दिवसातून एकदाच धुतात, टाके असताना तिथे जाणं म्हणजे शिक्षा. गर्दी इतकी की पहिली रात्र मी पॅसेजमधल्या कॉटवर काढली. एका आयाबाईने कळांच्या वेळी असं काही बोलून दाखवलं की ते लिहायचीही इच्छा नाही. खासगीत हे झालं नसतं, हे मान्यच. ज्यांना वेगळी खोली हवीच आहे आणि पैसे आहेत, त्यांनी खासगीत जावं. मात्र बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणतात, हे पॅकेजच्या आधी विचारा. आणि फाइलची प्रत दर महिन्याला मागून घ्या. मोबाइलवर फोटो काढू देत नसतील तर दुसरं नर्सिंग होम शोधा, इतकं मी या एका गोष्टीला महत्त्व देते.

फाइलचं पुढे काय झालं तेही सांगते. मेडिक्लेमचं पत्र आल्यावर नवरा दोनदा गेला, दोन्ही वेळा “मॅडम नाहीत” हे उत्तर. मग एका ओळखीच्या वकील ताईंनी सांगितलं, तोंडी मागू नका. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या की डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात, आणि त्या नोंदी तीन वर्षं सांभाळून ठेवायच्या असतात. तेवढंच लिहून अर्ज केला, पोच घेतली. कागद मिळाले. त्यात माझ्या सातव्या महिन्यातल्या दोन बीपीच्या नोंदी चढत्या दिसतात, आणि त्यावर पुढे काय करायचं ते काही लिहिलेलं नाही. त्यावर मी वेगळं बोलणार आहे, मॅडमशी, समोरासमोर. क्लेम पुन्हा पाठवलाय.

पैशांचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: खासगी तपासण्या, सोनोग्राफ्या आणि ती एक रात्र मिळून ४०,००० च्या आसपास गेले. सरकारीत आमचा खर्च म्हणजे नवऱ्याचं कँटीनचं जेवण आणि बाळाचे कपडे. पहिल्या बाळासाठीच्या मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडी सेविकेने माझ्याकडून भरून घेतलाय. मुलीची पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लसही हेल्थ सेंटरलाच, त्याच कार्डावर.

एका गोष्टीवर मात्र मी सरकारी दवाखान्याशी भांडणार आहे. सासूबाई कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आल्या, डिंकाचे लाडू घेऊन. त्यांना लेबर रूमच्या दारात अडवलं. आत माझ्या ओळखीचं एक माणूस नव्हतं, भाषा अर्धी कळत होती, मॅग्नेशियममुळे अंग पेटल्यासारखं झालं होतं. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे, आणि सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या लक्ष्य कार्यक्रमातही ते धरलेलं आहे. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही, पडदे आणि एक स्टूल लागतं. मी तसा अर्ज अधीक्षकांच्या नावे दिलाय, सोबत वॉर्डातल्या चार बायकांच्या सह्या आहेत. ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांनी आठव्या महिन्यातच सोबतिणीचं नाव देऊन लेखी विचारा. कळा सुरू झाल्यावर दारात भांडायला आपल्यात कुणाला ताकद उरत नाही.