पेल्ला पाहायचं तर फुलं नसताना जा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डे मॉईनहून आग्नेयेला पाऊण-एक तास गाडी चालवली की डच लोकांनी वसवलेलं पेल्ला गाव येतं. आयोवातले आपले बहुतेक लोक मे महिन्याच्या सुरुवातीला ट्युलिप टाइम या तिथल्या फुलांच्या उत्सवाला जातात, फुलांजवळ फोटो काढतात आणि गर्दीला कंटाळून परततात. उत्सव जरूर पाहा. मिरवणुकीआधी डच पोशाखातली माणसं बादल्या आणि झाडू घेऊन रस्ता घासतात, ते तर चुकवू नकाच. पण गाव कळायला हवं असेल तर उत्सव सोडून दुसरा एखादा दिवस काढा आणि हिस्टॉरिकल व्हिलेज (जुन्या घरांचं संग्रहालय) व व्हर्मीर मिल या पवनचक्कीचं तिकीट घ्या. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना तिथेच नेतो.

सुरुवात गिरणीपासून करा. 1850 च्या सुमाराच्या डच गिरण्यांच्या धर्तीची ही पवनचक्की नेदरलँड्समध्ये तयार करून इथे आणली आणि 2002 मध्ये उभी केली. पात्याच्या टोकापर्यंत ती सुमारे 124 फूट उंच आहे. आणि ती शोभेची नाही, वारा मनासारखा असला की तिच्यावर खरोखर गहू दळला जातो. पात्यांच्या लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं असतं. वारा वाढला की ते गुंडाळून कमी करायचं, वाऱ्याची दिशा बदलली की वरचं अख्खं टोपण फिरवून पाती त्याच्यासमोर आणायची. आत लाकडी दातेरी चाकं एकमेकांना फिरवत ती गती दगडांपर्यंत पोचवतात. माझ्या आईचं लहानपण जात्यावर गेलंय. दगड पाहताच तिनं विचारलं, "याला टाकी कोण लावतं रे?" मी प्रश्न इंग्रजीत सांगितल्यावर माहिती देणाऱ्या बाई एकदम खुलल्या. खाचा झिजल्या की वरचा दगड उचलून त्या पुन्हा कोराव्या लागतात, हे त्या हातवारे करून सांगत होत्या आणि आई मान डोलावत होती. पुढे माझी दुभाष्याची गरजच उरली नाही.

व्हिलेजमधल्या जुन्या घरांपैकी वायट अर्पचं घर लोक आवर्जून शोधतात. अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावच्या गोळीबारामुळे नाव झालेला हा जुन्या काळचा पोलीस अधिकारी लहानपणी इथे राहत होता. एक फोटो काढा आणि पुढे चला. लाकडी बुटांच्या कारागिराकडे मात्र निवांत थांबा.

मला सगळ्यात धरून ठेवतो तो गावाचा इतिहास. 1847 मध्ये धर्मगुरू हेन्ड्रिक स्कोल्टं यांच्याबरोबर सुमारे 800 डच माणसं इथे आली. नेदरलँड्समधल्या अधिकृत चर्चपासून ती वेगळी झाली होती आणि त्यापायी त्यांनी दंड, तुरुंग सोसला होता. पहिला हिवाळा अनेक कुटुंबांनी जमिनीत खोदलेल्या, गवतानं शाकारलेल्या खोपटांत काढला. आयोवातली जानेवारीची थंडी ज्यानं अनुभवली आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, हेही ध्यानात असू द्या. जेमतेम पाच वर्षं आधी, 1842 च्या करारानं, ती सॉक आणि मेस्क्वाकी लोकांच्या हातून गेली होती.

मग 1918 साल. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी हुकूम काढला की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, अगदी चर्चच्या प्रार्थनेतही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही. रोख मुख्यतः जर्मनांवर होता, पण झळ डच बोलणाऱ्या पेल्लालाही बसली. घराबाहेर मराठी बोलताना मुलं आवाज खाली आणतात ते मी पाहतो, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुढे 1935 मध्ये याच गावानं आपलं डचपण भर रस्त्यात मिरवायला काढलं. तेव्हा पुरेसे ट्युलिपही नव्हते, म्हणून लाकडाचे मोठाले ट्युलिप करून उभे केले. हे ठाऊक असलं की मे महिन्यातली मिरवणूक नुसती करमणूक वाटत नाही. पारंपरिक पोशाख घालून चालणारी पोरं, खाण्याच्या टपऱ्या चालवणारी चर्चची मंडळी, हे सगळं गावकरी स्वतःच्या हौसेनं, वर्षानुवर्षं करत आलेत.

खाण्याचं म्हणाल तर चौकातली यार्स्मा बेकरी 1898 पासूनची आहे. तिथलं डच लेटर, म्हणजे एस आकाराची, आत बदामाचं सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, घेतल्याशिवाय निघू नका. गरम असताना मिळालं तर उत्तमच. उत्सवात एका टपरीवर पॉफर्चेस, म्हणजे छोटे फुगीर डच पॅनकेक, गार आणि चिवट मिळाले होते, तेव्हा तव्यावरून उतरताना दिसतील तिथेच घ्या.

उत्सवाची तारीख पक्की असते, फुलांची नसते. वसंत लवकर तापला तर नुसते देठ दिसतात. माझ्या मते सप्टेंबरअखेरचा शनिवार सगळ्यात चांगला. गर्दी नसते, गाडी चौकातच लागते आणि माहिती देणाऱ्यांना बोलायला वेळ असतो. निघण्याआधी गिरणीच्या वेळा विचारून घ्या. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी गाव चर्चमध्ये असतं आणि बेकरी बंद.