ब्राउझर: नवं रूप की वेगळ्या बरण्या?

इंदूरहून आईचा फोन: "अरे, अपडेट झालं आणि कुठला टॅब उघडाय तेच कळेना!" रूप बदललं की आठवडाभर चाचपडणं, मग सवय.

फायरफॉक्स ब्राउझरचंच बघा. जून २०२१ मध्ये ८९व्या आवृत्तीत टॅब सुट्या बटणांसारखे झाले; केवढी चर्चा! जून २०२२ पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटच्या कुकीज (आपल्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आपोआप वेगळ्या बरणीत राहू लागल्या. म्हणजे सराफ्यातल्या दुकानाच्या साइटवर आईनं मंगळसूत्र पाहिलं, तर तिथे कुकी ठेवणारी जाहिरात कंपनी बातम्यांच्या पानावर तीच कुकी वाचून तिला ओळखू शकत नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून कौतुकही कमी. मला तरी हेच आधी हवं. नवे टॅब मी आईला फोनवर दहा मिनिटांत समजावले. मागावर कोण आहे, ते तिला कधीच दिसलं नसतं.