ड्रॅगन एज 2 : नुसता रंग काय कामाचा?

माझ्या मावसभावाचं नि माझं बायोवेअर कंपनीच्या ‘ड्रॅगन एज 2’ या कॉम्प्युटर गेमवरून 2011 सालापासून वाजतंय. तेव्हा दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर, तोही सांगलीत आमच्या विश्रामबागच्या घरी, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दर दहा मिनिटांनी सेव्ह मारायची माझी सवय तेव्हाची. परवा भडंग खाता खाता परत विषय निघाला, या गेमचा रिमास्टर, म्हणजे चित्रं सुधारून काढलेली नवी आवृत्ती, यावा का. तो म्हणाला, “ताई, एकच गुहा दहादा दाखवणाऱ्या गेमचे कसले लाड? आधी पहिल्या भागाचा, ‘ओरिजिन्स’चा नंबर लावा.” मला राग आला. त्याच रात्री पहिल्यापासून खेळायला घेतला. हळदीच्या अडत दुकानातला हिशेब आटोपून रोज रात्री, तीन आठवडे.

आधी त्याचं खरं ते मान्य करते. गुहा एकच आहे. एका कामात डावीकडचा दरवाजा दगडी फळीनं बंद, दुसऱ्यात उजवीकडचा. वर कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात मात्र बंद केलेला भागही दिसतोच, म्हणजे झाकायचेही कष्ट नाहीत. मारामारी संपली म्हणून श्वास घ्यावा तर छपरावरून आणखी सहा जण टपकतात. ‘ओरिजिन्स’ नोव्हेंबर 2009 मध्ये आला आणि हा मार्च 2011 मध्ये. सोळा महिन्यांत दुसरं काय होणार?

पण माणसं! अव्हेलीन ही गेममधल्या कर्कवॉल शहराच्या पहारेकऱ्यांची कप्तान, तलवार हाती घेतली की कुणाच्या बापाचं न ऐकणारी. हाताखालच्या डॉनिकवर जीव जडतो आणि बाईंची बोबडी वळते. स्वतः बोलायचं सोडून आपल्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती त्याला भेट पाठवते, तर काय, तांब्यावर घडवलेली झेंडूची फुलं! पुढे तीन शेळ्या नि गव्हाच्या पेंढीपर्यंत मजल जाते. मी एवढी हसले की आई उठून बघायला आली. आणि हॉकच्या, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राच्या आईला पांढरी लिली येते तो भाग मी याही वेळी दोनदा खेळले. काहीही केलं तरी ती वाचत नाही, हे माहीत असून.

सोबत्यांशी पटलं नाही तरी ते लगेच सोडून जात नाहीत, हेही मला याच गेममध्ये आवडलं. भांडण पुरतं विकोपाला नेलं तर त्याचंही एक नातं होतं. मावसभाऊ नेमकं हेच विसरतो.

2021 मध्ये बायोवेअरनं ‘मास इफेक्ट’चे तिन्ही भाग एकत्र रिमास्टर केले, तेव्हापासून आमच्यासारख्यांचा जीव वरखाली होतोय. पण ते तिन्ही भाग अनरिअल इंजिनवरचे; इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर. ‘ड्रॅगन एज’चे पहिले दोन कंपनीच्या स्वतःच्या इंजिनवर, तिसरा ‘इन्क्विझिशन’ फ्रॉस्टबाइटवर. एकाच झाऱ्यानं तिन्ही जिलब्या निघायच्या नाहीत. शिवाय नुसतं चकचकीत करायचं तर पीसीवाल्यांना बारीक टेक्स्चरचा, म्हणजे भिंती-कपड्यांवरच्या जास्त स्पष्ट चित्रांचा पॅक 2011 मध्येच फुकट मिळाला होता. त्यानं गुहा बदलली का?

मला खुपतं ते वेगळंच. मी गणपती पेठेत वर्षानुवर्षं त्याच गल्लीनं जाते, कंटाळा येत नाही. पाट्या बदलतात, कुणाचं दुकान पोराकडे जातं, ऑगस्ट 2019 च्या पुरानं कुठवर पाणी आलं होतं ते अजून हातानं दाखवतात. कर्कवॉलमध्ये गोष्टीतली सात वर्षं जातात आणि बाजारातलं एक फळकूटही जागचं हलत नाही. एकाच शहरात राहा म्हणता ना, राहते; पण ते शहर म्हातारं तरी होऊ द्या! नव्या जागा करता येतात, हे ‘लेगसी’ या जोडभागात त्यांनीच दाखवलंय. तेवढं करणार असाल तर पूर्ण पैसे मोजीन. नुसते चेहरे घासून देणार असाल तर जुनाच बरा, सेलमध्ये स्वस्तात मिळतो.

हे सगळं मावसभावाला ऐकवलं. “बरं, बघतो,” म्हणाला आणि त्यानंही नव्यानं सुरू केला. त्याला मुद्दाम सांगितलं नाही की हॉक जादूगार घेतलास तर बहीण जाते, नाहीतर भाऊ. रात्री साडेअकराला फोन आला. जादूगारच घेतला होता त्यानं.

“ताई, बेथनी गेली गं. सेव्ह कुठून लोड करू?”