पहिली आवृत्ती जमवायची, पण कुणाची? मराठी कादंबरी आणि भारतीय इंग्रजी कादंबरी शेजारी ठेवून

समोर टेबलावर दोन कादंबऱ्या आहेत, दोन्हींचं शीर्षकपानामागचं पान उघडलेलं. इंग्रजी कादंबरीच्या पानाच्या तळाशी दहापासून एकपर्यंत उतरत जाणारे आकडे आहेत. मराठी कादंबरीत 'प्रथमावृत्ती : विजयादशमी, शके १८८४' आणि त्याखाली 'किंमत ७ रु. ५० न. पै.' एवढंच. दोन्ही पहिल्या आवृत्त्याच आहेत. पण इंग्रजीबद्दल खात्री व्हायला मला अर्धं मिनिट पुरलं आणि मराठीसाठी आठवडा गेला. आधुनिक कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायला निघालेल्या माणसाने मराठीकडे वळावं की भारतीयांच्या इंग्रजी कादंबऱ्यांकडे, हे ठरवताना हा फरक आधी पाहावा आणि किमती नंतर, असं माझं मत आहे.

संग्राहक 'पहिली आवृत्ती' म्हणतो तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण अभिप्रेत असतं. इंग्रजी प्रकाशक आवृत्ती आणि मुद्रण वेगळं मोजतात, त्यामुळे 'फर्स्ट एडिशन' हे शब्द चौथ्या मुद्रणावरही तसेच राहिलेले दिसतात. मराठीत मात्र प्रत्येक नव्या छपाईला सरसकट 'आवृत्ती' म्हणायची रीत आहे. सातव्या आवृत्तीत काना-मात्राही बदललेला नसतो. शास्त्राला धरून हे चुकीचं असेल, पण संग्राहकाच्या ते पथ्यावर पडतं, कारण मराठी पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' असेल आणि ते खरं असेल, तर बहुधा ते पहिलं मुद्रणच असतं. अडचण 'खरं असेल' या दोन शब्दांत आहे.

इंग्रजीची बाजू आधी उरकतो, कारण तिथले नियम लिहून ठेवलेले आहेत. दर नव्या मुद्रणाला पानाच्या तळच्या त्या रांगेतला एक आकडा गळतो, आणि उरलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. रांग कधी '१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २' अशी मांडलेली असते, तरी अर्थ तोच. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत रांग नसते. तिथे प्रथम प्रकाशनाचं साल आणि त्याखाली पुनर्मुद्रणाची एकही ओळ नसणं, हा पुरावा. एक अपवाद पाठच करावा : अमेरिकेतल्या रँडम हाउसच्या पहिल्या मुद्रणात बरीच वर्षं रांग दोनवर थांबायची आणि सोबत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द असायचे. दुसऱ्या मुद्रणात ते शब्द काढून टाकत. हे माहीत नसलेला माणूस चांगली प्रत दुसरं मुद्रण समजून परत ठेवतो.

आपल्या फुटपाथवर मात्र ही रांग एकटी कामाची नाही. चोरटी प्रत छापणारा मूळ पुस्तकाची पानं जशीच्या तशी उचलतो, त्यात तो 'एक'ही येतो. कागद हलका, अक्षरांच्या कडा पसरट, मुखपृष्ठाचे रंग उतरल्यासारखे, पानं शिवलेली नसून डिंकाने चिकटवलेली, असं दिसलं की रांगेकडे बघूच नका. अधिकृत भारतीय स्वस्त छपाईतही परदेशी पानावरचा मजकूर राहून जातो. तिथे मलपृष्ठावर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशा अर्थाची ओळ असते, ती आधी शोधा.

यापुढचा प्रश्न खरा चिवट आहे : कुठल्या देशातली प्रत पहिली? १९८१ सालच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'चा लेखक मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये राहणारा. म्हणून पुष्कळजण लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशकाची प्रत शोधतात. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रकाशकाची प्रत आधी आली, आणि केपने अमेरिकेत छापलेलेच फर्मे, म्हणजे न बांधलेले छापील ताव, घेऊन आपली बांधणी केली. अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'चं उलट आहे. १९९७ साली दिल्लीच्या इंडियाइंकने काढलेली प्रत आधीची, लंडन आणि न्यूयॉर्क मागाहून. परदेशी संग्राहकांत 'लेखकाच्या देशातली प्रत ती पहिली' मानणारे आणि 'तारखेने आधी ती पहिली' मानणारे असे दोन पक्ष आहेत. मी तारखेच्या बाजूचा. या दुसऱ्या कादंबरीच्या बाबतीत दोन्ही पक्षांचं उत्तर दिल्लीच येतं, आणि भारतात बसून शोधणाऱ्याला ही मोठी संधी आहे. जॅकेटवर बुकर मिळाल्याचं छापलेलं असेल तर ते जॅकेट नंतरचं. नुसतं चिकटवलेलं लेबल असेल तर नाकारू नका, दुकानदार शिल्लक प्रतींवरही लेबलं लावत असत.

मराठीत देशाचा वाद नाही. मराठीत पान कमी बोलतं, म्हणून इतर खुणांना बोलतं करावं लागतं, आणि मला स्वतःला हे काम जास्त आवडतं.

तारीख तिथीने असेल तर शकात ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. मग किंमत पाहा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.', म्हणजे नवे पैसे, असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गेला. वर सांगितलेली शके १८८४ ची प्रत म्हणजे ऑक्टोबर १९६२, आणि किंमत नव्या पैशांत. दोन्ही जुळतात. त्यानंतर प्रकाशकाचा पत्ता. 'पुणे २', 'मुंबई ४' असे जुने विभाग क्रमांक आणि सहा आकडी पिनकोड यांच्यात १५ ऑगस्ट १९७२ ही रेघ आहे. पिनकोड नसला म्हणून पुस्तक जुनं ठरत नाही, जुना पत्ता लोक पुढेही छापत राहिले. पण साल १९६३ आणि पत्त्यात ४११०३० असेल तर ती प्रत १९६३ ची नव्हे.

मी हे फसून शिकलो. पुण्यातल्या एका रद्दीवाल्याकडे साठच्या दशकातल्या एका गाजलेल्या कादंबरीची 'पहिली आवृत्ती' मिळाली, तीन दिवस मी हवेत होतो. चौथ्या दिवशी पत्ता नीट वाचला. प्रकाशक बदलला होता, आणि नव्या प्रकाशकाने आपल्याकडची पहिली छपाई 'पहिली आवृत्ती' म्हणून नोंदवली होती, आधीच्यांचा उल्लेख न करता. मराठीत हा सगळ्यात मोठा सापळा आहे. 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. म्हणून शोधायला निघण्याआधी कादंबरीचा मूळ प्रकाशक कोण, हे कागदावर लिहून घ्या.

बोटांनाही काम द्या. खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव हाताला लागतो, ऑफसेटचं पान सपाट असतं. छापील किमतीवर नव्या किमतीचा रबरी शिक्का असेल तर घाबरू नका, पहिल्याच छपाईचा शिल्लक साठा वाढीव भावाने विकल्याची ती खूण असू शकते. वाचनालयाचा शिक्का बघून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. दाखल क्रमांकाशेजारची तारीख हा कधीकधी त्या प्रतीचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

दिवाळी अंकाचा प्रश्न अनेकजण विचारतात. कित्येक कादंबऱ्या आधी अंकात आल्या आणि मग पुस्तक झाल्या. माझ्या लेखी अंक हे पहिलं प्रकाशन, पुस्तक ही पहिली आवृत्ती. जमलं तर दोन्ही घ्यावं, पण अंकासाठी पुस्तक सोडू नये.

प्रतीच्या अवस्थेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी दोन्हींना एकच माप लावलं तर मराठी संग्रह उभाच राहणार नाही. इंग्रजी प्रतीचं जॅकेट गेलं की तिची बरीचशी किंमत गेली, शिवाय दुसऱ्या मुद्रणाचं जॅकेट पहिल्यावर चढवलेलंही असतं. फ्लॅपवरची किंमत कापलेली असेल किंवा मुळातच नसेल, तर पुस्तकमंडळाची (बुक क्लबची) स्वस्त प्रत तर नव्हे ना, हे तपासावं. मराठीत वाचनालयाने जॅकेट फाडून रेक्झिनची बांधणी केलेली, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तांबूस डाग पडलेले, कसरीने कडा खाल्लेल्या, अशाच प्रती जास्त दिसतात. मुखपृष्ठावर चित्रकार दीनानाथ दलालांचं मूळ चित्र शाबूत असलेली प्रत दिसली तर घासाघीस करत बसू नका. एरवी सगळी पानं जागेवर आणि शीर्षकपान मूळचं, एवढ्यावर मी समाधान मानतो.

नंतर विकायचा विचार असेल तर इंग्रजी घ्या. गिऱ्हाईक जगभर आहे, ओळख पटवायला सोपं आहे. मात्र ज्याला शोधाचीच ओढ आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याला मी मराठीच सुचवेन. इथे चूक झाली तरी शे-दोनशे रुपयांवर भागतं, आणि पहिल्या आवृत्त्या अजून किलोवर विकल्या जात आहेत. सुरुवात एकाच कादंबरीपासून करा. तिची कुठलीही एक जुनी आवृत्ती घ्या, मग पहिली मिळेपर्यंत थांबा. दोन्ही शेजारी ठेवून किंमत, पत्ता, छपाई आणि प्रस्तावनेखालची तारीख वहीत लिहा. माझ्या वहीत असं पहिलं पान १९६२ च्या त्या विजयादशमीच्या प्रतीचं आहे.