मुलाखतींसाठी व्हिडिओ कॉल अ‍ॅप: चेहरा दिसतो, हात राहून जातात

पीएचडीसाठी सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या मुलाखती या अ‍ॅपवर घेतल्या. रेकॉर्डिंग झकास, नेट कमी असलं तरी कॉल टिकतो, प्रवासाचा खर्च वाचला. पण यात माणूस म्हणजे गळ्यापासून वर. एक ताई बोलता बोलता विड्या वळत होत्या, मांडीवर सूप, तेंदूपत्ता, कात्री, आणि मला दिसत होता फक्त त्यांचा कपाळापर्यंतचा चेहरा! त्यात नॉइज कमी करणाऱ्या सेटिंगने कात्रीचा आवाज आणि त्यांचा खोकला दोन्ही गाळून टाकले, मला तर तोच खोकला हवा होता, कारण तंबाखूची धूळ हाच माझा विषय. ते सेटिंग आधी बंद करा, आणि फोन जरा लांब ठेवायला सांगा, हात दिसले की प्रश्नही बदलतात.

स्वतःचा चेहरा आपल्याच स्क्रीनवरून लपवायची सोय मात्र फार कामाची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यात सतत स्वतःला बघणं आणि एकाच जागी खिळून बसणं ही दोन आहेतच. माझी मान तिसऱ्या मुलाखतीलाच धरली. तीन स्टार.