नाव कॉफीचे, राज्य मिठाचे: तयार कॉफी मसाल्याचा अनुभव

मांसाला चोळण्यासाठी तयार मिळणाऱ्या कॉफी मसाल्याची १५० ग्रॅमची एक डबी मी गेला दीड महिना वापरत आहे. डबीवर भाजलेल्या कॉफीच्या बियांचे मोठे चित्र असून त्याखाली, हा मसाला मांस लुसलुशीत करतो, असे आश्वासन छापलेले आहे. घटकांची यादी वाचली की चित्र बदलते. अशा यादीत घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. येथे पहिले मीठ, दुसरी साखर आणि कॉफी तिसरी आहे, तिच्यामागे मिरपूड, लाल मिरची, लसणाची पूड आणि जिरे. मिठाच्या मसाल्यात कॉफी घातली आहे, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

तरीही पहिलाच प्रयोग उत्तम जमला. बोटभर जाडीचे मटणाचे चॉप्स कोरडे पुसून घेतले, दोन्ही बाजूंनी मसाला चोळला आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवले. अर्ध्या तासात मांसाला पाणी सुटून मसाल्याचा काळपट चिखल झाला होता. सकाळपर्यंत ते पाणी पुन्हा आत मुरून वरचा थर ओलसर कातड्यासारखा घट्ट बसला. जाड बुडाच्या तव्यावर मध्यम आचेला भाजल्यावर त्यावर जवळजवळ काळी, खमंग खरपूडी धरली. ती खाताना कॉफी प्यायल्यासारखे मुळीच वाटत नाही. जिभेवर येतो तो भाजकेपणा, मागून किंचित कडवटपणा आणि मटणाच्या चरबीचा जडपणा कापणारी एक धार. कॉफीची बी भाजताना आणि मांसाचा पृष्ठभाग तव्यावर तांबूस होताना एकाच जातीची रासायनिक प्रक्रिया घडते, तिला मायार प्रक्रिया म्हणतात. या दोन वासांचे इतके सहज जुळते ते त्यामुळेच. मीठ कडवटपणा दाबते, त्यामुळे यादीत त्याचा पहिला क्रमांक असण्यालाही अर्थ आहे.

लुसलुशीतपणाचा दावा मात्र मला तपासून पाहायचा होता. एकाच मांडीचे दोन सारखे तुकडे घेऊन एकाला हा मसाला आणि दुसऱ्याला नुसते मीठ लावले, आणि दोन्ही तेवढाच वेळ मुरवले. डोळे मिटून खाताना मऊपणात काहीही फरक कळला नाही. दोन्ही तुकडे सारखेच रसाळ होते. कापलेल्या फोडीत कॉफीचा तपकिरी रंग जेमतेम नखाच्या जाडीएवढा उतरला होता आणि आत फक्त मीठ पोहोचले होते. कॉफीचा सामू (आंबटपणा दाखवणारा आकडा, म्हणजेच पीएच; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ५ असतो, म्हणजे तिचा आंबटपणा लिंबाच्या रसाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तेवढ्याने मांस मऊ पडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. कॉफीचे काम पृष्ठभागावरचे आहे. उत्पादकाने हेच प्रामाणिकपणे लिहिले असते तर माझी तक्रार उरली नसती.

चिकनच्या बाबतीत हा मसाला फसतो. छातीच्या तुकड्यांवर तो नेहमीच्या मोठ्या आचेला वापरला, तेव्हा मांस शिजण्याआधीच साखर करपली आणि कॉफीचा कडवटपणा त्या करपट वासात मिसळून सगळे जेवण बिघडले. शिवाय मसाल्याचा मूळ रंगच गडद असल्यामुळे मांस शिजले की नाही हे वरून पाहून ठरवता येत नाही. चिकनच्या आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले आहे का, हे तापमापक खुपसूनच पाहावे लागते. वेष्टनावर याबद्दल एक शब्दही नाही.

या डबीच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगितली पाहिजे: तिच्यातली कॉफी मैद्यासारखी बारीक दळलेली आहे. पूर्वी घरी असाच मसाला करताना मी काटकसर म्हणून गाळून उरलेला चोथा वापरला होता. चव सगळी कपात गेलेली आणि प्रत्येक घासाला वाळूसारखी कचकच, असा तो प्रकार होता. झोप उडण्याची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. अर्धा किलो मांसाला लागणाऱ्या मसाल्यात २ ग्रॅम अरेबिका कॉफी आहे असे धरले, तर सुमारे १.२ टक्क्यांच्या हिशेबाने कॅफिन २४ मिलिग्रॅम होते, आणि तेही सगळ्या ताटांत वाटले जाते.

जाड कापाच्या लाल मांसासाठी हा मसाला मी पुन्हा घेईन, मात्र त्यासोबत वेगळे मीठ अजिबात घालणार नाही. झाकणाची भोके मोठी आहेत आणि साखर हवेतला ओलावा ओढते. दीड महिन्यात उरलेल्या मसाल्याचा एकच गठ्ठा झाला असून तो आता चमच्याच्या दांड्याने फोडून घ्यावा लागतो.